होडीत उभं राहायचं नाही

नदीवरच्या होडीला कुठे घंटी असते का? पण कंडक्टरकाकांच्या होडीला होती. चांगली पितळी, जुन्या बसमधून काढलेली, दोरी ओढली की खणखणीत वाजणारी. काका रिटायर झाले त्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी ती एका फळीवर बसवून त्यांना भेट दिली होती. बाकीच्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं आणि मग ते जन्मभर त्याच्याकडे बघत बसतात. काकांनी घंटी काखोटीला मारली, तडक लेकीकडची नदी गाठली, आणि होडीच्या मागच्या टोकाला ती स्क्रूने पक्की करून टाकली. एक टण म्हणजे थांबा, दोन टण म्हणजे चला.

लेक आणि जावई नदीवर सहली न्यायचे. सुट्टीत शहरातली माणसं यायची, त्यांना लाइफ जॅकेट चढवायचं, लांबट निमुळत्या कॅनो होड्यांत बसवायचं, हातात वल्हं द्यायचं आणि पुलापासून खालच्या धक्क्यापर्यंत प्रवाहाबरोबर न्यायचं. काका तिथे ‘जरा हात लावतो’ म्हणून गेले आणि बघता बघता नदीची बस करून बसले. प्रत्येक वळणाचा त्यांनी स्टॉप केला. मोडका बांध, बगळ्यांचं झाड, पंपहाऊस. वळण आलं की खड्या आवाजात पुकारा व्हायचा, आणि मागे रेंगाळलेल्या होड्यांना ‘पुढे सरका, पुढे सगळी नदी मोकळी आहे’ असा हुकूम सुटायचा. जावई आधी शरमेने लाल व्हायचा. मग त्याच्या लक्षात आलं की घरात कुणाचंच न ऐकणारी माणसंसुद्धा कंडक्टरचं निमूट ऐकतात. तेव्हापासून तोही गप्प बसला.

निघण्याआधी काकांचं भाषण व्हायचं. ते चुकवून कुणी होडीत पाय ठेवील तर शपथ. पुलाच्या खांबावर लाल पट्टा होता, पाणी त्याला टेकलं की त्या दिवशी होडी बंद. मग समोर कुणी साहेब असो नाहीतर साहेबांचे साहेब. जॅकेटचे तिन्ही पट्टे लावायचे, खालचासुद्धा. काका प्रत्येकाचं जॅकेट खांद्याशी धरून वर ओढून बघायचे, ते हनुवटीपर्यंत आलं की त्या माणसाची बिनपाण्याने व्हायची. पाण्यात पडलात तर पाठीवर आडवं व्हायचं, पाय पुढे आणि वर, जॅकेटला बांधलेली शिट्टी तोंडात. तळाला पाय टेकवायला जायचं नाही, दगडात अडकला की मागून नदी ढकलते आणि माणूस तोंडावर जातो. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो ते शेवटी, बोट वर करून सांगायचे: होडीत उभं राहायचं नाही. बायको हाक मारो, फोन वाजो, मासा उडी मारो. बसलेलं बूड बसलेलंच राहिलं पाहिजे.

या भाषणाची तालीम स्वयंपाकघरात चालायची. काकू मटार सोलत असायच्या आणि काका लाकडी स्टुलाची होडी करून तिच्यावर बसलेले. प्रवासी एकच, तोही पाठ करून बसलेला. ‘पाय पुढे आणि वर’ आलं की काकू मटाराच्या ताटावरून डोळे न काढता दोन्ही पाय टेबलाखाली उचलायच्या. त्यात चेष्टा किती आणि लक्ष किती, हे काकांना कधी कळलं नाही.

आता खरी गोष्ट सांगायची तर काकांना एक सल होती. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांना फिरवण्यात घालवली, पण काकूंना घेऊन ते कुठे म्हणून गेले नव्हते. घरच्यांसाठी दर वर्षी फुकट पास यायचा आणि दर वर्षी कपाटात पडून तारीख उलटायची. सुट्ट्या आल्या की बसला गर्दी, गर्दी आली की काकांची रजा नामंजूर. काकू कधी बोलल्या नाहीत. काकांना तेच जास्त टोचायचं. भांडल्या असत्या तर एक वेळ बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं. म्हणून आता त्यांनी हट्टच धरला होता: एकदा, फक्त एकदा, माझ्या होडीतून चल.

काकूंना पाण्याची धास्ती. काका नदीवर गेले की त्या दिवसभर फोन हाताशी घेऊन बसायच्या. बरेच दिवस त्यांनी दाद लागू दिली नाही. मग एकदा भाजी ढवळता ढवळता म्हणाल्या, “येईन. पण कोरडी नेलीत तशी कोरडी आणायची. अंगाला पाणी लागलं तर पुन्हा त्या नदीचं नाव काढायचं नाही. मी नाही, आणि तुम्हीही नाही.”

म्हणजे काकांची नदीच पणाला लागली. काका क्षणभर चरकले. पण मग म्हणाले, कबूल.

ठरल्या दिवशी काकू लेकीची ट्रॅक पँट घालून आल्या, आणि आजूबाजूला कुणी बघत नाही याची खात्री होईपर्यंत गाडीतून उतरल्या नाहीत. काकांनी त्यांच्या जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले, दोनदा ओढून बघितले, तिसऱ्यांदा ओढले तेव्हा काकूंनी हात झटकला. खांबावरचा लाल पट्टा पाण्याच्या चांगला हातभर वर होता. काकू पुढे, काका मागे, त्यांच्या पाठोपाठ सहलीच्या होड्या आणि शेवटी बचावाची दोरी घेऊन जावई. टण टण.

आणि काय सांगावं, सगळं लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. मोडक्या बांधापर्यंत काकूंची पाठ काठीसारखी ताठ होती. बगळ्यांच्या झाडाशी ती जरा सैलावली. पंपहाऊस मागे पडलं तेव्हा त्यांनी एक बोट पाण्यात बुडवलं, आणि मागे न बघता म्हणाल्या, “बरं आहे हो हे.” एवढंच. पण काकांना डेपोने पदक दिलं असतं तरी इतका आनंद झाला नसता. त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं गेली ती गेली, पण हे तरी आपल्या हातून झालं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात समोर खालचा धक्का दिसला.

पुढचं काकांनी केलं नाही, काकांच्या पायांनी केलं. शेवटचा स्टॉप दिसला की जागेवरून उठायचं, एका हाताने वरचा दांडा पकडायचा आणि पुकारायचं, हे त्या पायांनी उभा जन्म केलं होतं. काका उठले. हात वर गेला. तिथे दांडा नव्हता, नुसतं आभाळ होतं.

“शेवटचा स्टॉप, सगळे उतरून घ्या,” असं काका म्हणाले, आणि सगळे उतरले. म्हणजे काका आणि काकू, दोघंही, एकदम, नदीत.

पाणी फार नव्हतं, पण ओढ होती. आता काकांच्या जॅकेटची एक गंमत होती. जगाला तिन्ही पट्टे लावायला सांगणारे काका स्वतः खालचा पट्टा लावत नसत, कारण तो पोटावरून यायचा नाही आणि मला काय होतंय हा माज. ते जॅकेट आता सरकून थेट कानांवर चढलं. काकांच्या नाकातोंडात पाणी गेलं, दिसेना, सुचेना, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. पाय तळाला टेकवून उभे राहायला गेले. डावा पाय दोन दगडांच्या फटीत शिरला, आणि मागून नदीने रेटा दिला. इथे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली, आणि पाठोपाठ ओळखीचा आवाज आला. “अहो, उभे राहू नका. आडवे व्हा, पाय वर घ्या.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकूंचं काकांनी इतक्या तातडीने कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी अंग मागे टाकून दिलं. पाय सुटला, बूट फटीतच राहिला. डोळ्यांतलं पाणी निथळलं तेव्हा त्यांना दिसलं की बाजूला काकू पाठीवर आडव्या झाल्या आहेत, पायाची बोटं पाण्याबाहेर, शिट्टी पुन्हा तोंडात, जशा काही टेबलाखाली पाय उचलून मटार सोलताहेत. जावयाची दोरी आली ती काकूंनीच पकडली, दुसऱ्या हाताने काकांचं जॅकेट खांद्याशी धरलं, आणि दोघं ओढले जाऊन धक्क्याला लागले.

सहलीच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे भाषणाचं प्रात्यक्षिक होतं. एका बाईंनी तर आमचा नंबर कधी, असंही विचारून घेतलं.

शब्द म्हणजे शब्द. काकांनी होडी काठावर ओढली, स्क्रू काढले, घंटी पिशवीत घातली आणि ओल्या मोज्याने गाडीत जाऊन बसले. लेक समजूत घालायला आली तर मान हलवून नाही म्हणाले. वाटेत काकू फक्त शिंकल्या. ती प्रत्येक शिंक काकांच्या काळजाला लागली. आयुष्यात एकदा बायकोला फिरवायला नेलं, आणि बुडवून आणलं. आपल्यासारखा करंटा दुसरा नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

घंटी चहाच्या डब्याशेजारी फळीवर गेली. काका खिडकीशी बसू लागले. मटार सोलायला घेतले की सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात. काकू काहीतरी गुणगुणत असायच्या. लेकीची ट्रॅक पँट त्यांनी धुऊन वाळत घातली, घडी केली, पण परत पाठवली नाही. काकांनी ते पाहिलं, पण त्यांचं डोकं ठिकाणावर होतं कुठे?

मग एका सुट्टीच्या सकाळी उठून बघतात तर घरात काकू नाहीत. फळीवर घंटी नाही. लेकीला फोन लावला, तिने उचलला नाही. मिळेल ती बस पकडून काका नदीवर निघाले, आणि रिकाम्या जागा असूनही वाटभर उभेच राहिले.

पुलापाशी गर्दी होती. मधोमध जॅकेट घातलेल्या काकू, बोट वर करून, काकांच्याच आवाजात, काकांसारखं मध्येच खाकरत भाषण देत होत्या. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. बूड बसलेलंच राहिलं पाहिजे, इथवर आल्यावर त्यांची नजर काकांवर गेली. उभं राहिलं की काय होतं ते या गृहस्थांना विचारा, म्हणून त्यांनी नवी भर घातली. सगळे हसले. जावईसुद्धा, मान फिरवून.

काकांनी त्यांना बाजूला घेतलं. म्हणाले, “अगं, पण अट?”

“अट माझी होती,” काकू म्हणाल्या. “कोरडं राहायची. घरात बसून जन्मभर कोरडीच तर राहिले. आता पुरे झालं.”

काकूंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांनी नवं, मोठ्या मापाचं जॅकेट काकांना चढवलं, पोट आत घ्या म्हणाल्या, आणि खालचा पट्टा असा आवळला की काकांना खोकला आला. मग खांद्याशी धरून वर ओढून बघितलं. जॅकेट जागचं हललं नाही.

घंटी या वेळी होडीच्या पुढच्या टोकाला होती, काकूंच्या हाताशी. टण टण. मोडका बांध गेला, बगळ्यांचं झाड गेलं, पंपहाऊस गेलं. काका मागे मुकाट वल्हवत होते. मग समोर खालचा धक्का दिसला, आणि काकांचे गुडघे आपोआप उचलले जाऊ लागले.

काकूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसती दोरी ओढली, एकदाच. टण.

काका खाली बसले.