झेल्मामावशीचं कूळ

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कॅरिअकू बेटावर माणसाचं कूळ ढोल सांगतो. जेवणावळीत एकेका कुळाचा ताल वाजतो आणि ते ज्याच्या बापाचं कूळ, त्यानंच रिंगणात उतरायचं.

शेजारची झेल्मामावशी मासे खारवायची आणि साऱ्या गावाच्या जेवणावळींत भांडी घासायची. रिंगणात उतरणार कशी? बाप कोण, हेच ठाऊक नाही. आईला विचारलं की उत्तर ठरलेलं, "आभाळातून पडलीस. झालं समाधान?" मग मावशी म्हाताऱ्यांच्या ओट्यांवर जाऊन बसायची, सोबत तळलेला मासा. म्हातारा फिनिअस खाता खाता म्हणायचा, "थांब हां, आत्ता ओठांवर आलंय..." शेवटचा काटा चोखून झाला की, "नाही बुवा. गेलं."

अखेर मरताना आईनंच नाव घेतलं. लिओनेल. गावातल्या थोरल्या अडीनाआजीचा भाऊ, अरुबा बेटावर तेलाच्या कामाला गेला तो गेलाच. म्हणजे क्रोमांटी कूळ.

पुढच्या जेवणावळीत क्रोमांटीचा ताल सुरू झाला तशी मावशी ओले हात पुसत रिंगणात शिरली. साठीला आलेली बाई. पाय चुकत होते, पण हनुवटी अशी पुढे काढलेली की थेट अडीनाआजी. सगळ्यांनी पाहिलं. अडीनाआजीनंही. ती उठली आणि ढोलावर टॉवेल टाकला. टॉवेल पडला की ताल बंद, वर बोलायचं काही नसतं. पण आजी नाकातून बोललीच, "अगं झेल्मे, भांडी राहिलीत ना तिकडे?"

मावशीनं ती घासली. त्यानंतर कुणाच्या जेवणावळीला आली नाही, कुणाच्या ओट्यावरही नाही. वर्षाच्या आत गेली.

थडग्यावर दगड आमच्याकडे सवडीनं, काही वर्षांनी बसतो, आणि त्या दिवशी मेलेल्याचा ताल वाजवून त्याला निरोप देतात. मावशीला मूलबाळ नव्हतं, म्हणून दगड आमच्या आईनं बसवला. ढोलवाल्या कॉस्मोकाकानं विचारलं, "हिचा कुठला वाजवू?" सगळे आपापल्या ताटात बघायला लागले.

"क्रोमांटी," अडीनाआजी म्हणाली.

"नक्की ना, आजी? मागच्या वेळी..."

"माझ्या भावाची पोर आहे ती. वाजव मुकाट्यानं."

त्यानं वाजवला. पण नाचणार कोण? गावात क्रोमांटी घर आजीचं एकटीचं, तिची मुलं ब्रुकलिनला, आम्ही इग्बो कुळाचे. आजी काठी टेकून अर्धी उठली, गुडघ्यांनी दगा दिला, परत बसली. टॉवेल तिच्या मांडीवरच होता. तो टाकायचंही तिच्यानं होईना. कॉस्मोकाका एकसारखा तिच्याकडे बघत वाजवत राहिला, आणि समोर रिंगण रिकामंच.