कातरलेली मेंढरं आणि गारा

माघ सरत आला होता. सोनपेठच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या तूर काढलेल्या रानात आमची मेंढरं बसली होती. लेंडीखतासाठी त्यानंच बोलावलं होतं. मेंढरांची कातरण नुकतीच उरकली होती. लोकर निघाल्यावर ती लहान आणि उघडीबोडकी दिसायची.

दुपारी आबा, माझे वडील, कळप घेऊन नाल्याकडं चारायला गेले. पालापाशी, आमच्या कापडी तंबूपाशी, आय आणि मी. कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात होती. थंडी सकाळपासूनच विचित्र होती. मग वारं फिरलं, आभाळ काळंनिळं झालं आणि बोराएवढ्या गारा पडायला लागल्या. बघता बघता त्या लिंबाएवढ्या झाल्या. पाल फाटून उडालं. आयनं मला बाजेखाली ढकललं.

"भाईर येऊ नको!"

"आय, तू कुठं चाललीस?"

"कोकरं मरायलीत गं!"

डोक्यावर घोंगडी घेऊन ती वाघरीत शिरली आणि कोकरांवर पालथी पडली. मी बाजेखालून हाका मारत राहिले. गारांच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

गारा थांबल्या तेव्हा रान मीठ पसरल्यासारखं पांढरं झालं होतं. आयच्या कपाळातून रक्त वाहत होतं, घोंगडी भिजून दगड झाली होती. पण ती बोलत होती. "आधी कोकरं बघ," म्हणाली. तिचे दात वाजत होते. कोरडं कापड एकही उरलं नव्हतं, चूल विझून गेली होती. मी तिला मिठी मारून बसले.

आबा आले ते चार-दोन मेंढरांसोबत. बाकीची नाल्यात एकावर एक पडली होती. रानमालक ट्रॅक्टर घेऊन धावत आला, त्याची ज्वारी तर पार झोपली होती. आम्ही आयला ट्रॉलीत घातलं.

सोनपेठच्या रस्त्यावर बाभळी आडव्या पडलेल्या. आबा आणि रानमालक कुऱ्हाडीनं फांद्या तोडायचे, ट्रॅक्टर थोडा पुढं जायचा, पुन्हा झाड. मधेच आयचं थरथरणं थांबलं. मला वाटलं, तिला ऊब आली. मी ओरडून आबांना सांगितलंही, "आय बरी हाय आता!"

आबांनी कुऱ्हाड टाकली, ट्रॉलीत चढून तिचा हात हातात घेतला. रानमालक खालून म्हणाला, "अजून थोडंच राह्यलंय, चला." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आता कुठं जायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. आजूबाजूच्या गावांतही तेच होतं. कडुलिंबांखाली मेलेल्या राघू-साळुंक्यांचा सडा, मातीला मिळालेला गहू, दावणीला मेलेली वासरं. नाल्यातून जिवंत आलेली मेंढरंही उघड्या अंगानं रातच्या गारठ्यात गेली होती. मेंढरं पुरायला खड्डा रानमालकानंच खोदून दिला.

आयनं अंगाखाली घेतलेली कोकरं तेवढी जगली होती. पण त्यांच्या आया नाल्यात मेल्या होत्या. मी बाटलीनं दूध पाजायचा लय प्रयत्न केला. ती तोंड फिरवायची, रानाकडं बघून ओरडायची. एकेक करून तीही गेली.

आबा आता दुसऱ्याच्या रानात रोजानं जातात. पुन्हा मेंढरं घ्या, असं सुरुवातीला भाऊबंद म्हणायचे. आबा ऐकून घ्यायचे आणि उठून जायचे. आता कुणी म्हणत नाही. घरात आम्ही दोघंच. जेवताना आबा समोर बसतात, मी त्यांच्या ताटात भाकर वाढते.