तिसऱ्या पाल्याचं नाव

आटपाडीकडची आमची दोन एकर जमीन म्हणजे नुसती कुसळं. आप्पा दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत राबायचे, आई खुरपायला जायची. चहाला गूळ नसला तरी दर रविवारी दारात कावीळवाल्यांची रांग. आप्पा पाला वाटून त्याचा रस द्यायचे. पैसा घेतला की गुण जातो, आणि पाल्याचं नाव सांगितलं तरी जातो, असं आजोबांपासूनचं. सातवीत माझीही कावीळ त्या रसानं उतरली होती. घराण्यातली पहिली पदवीधर मी, तीही वनस्पतिशास्त्राची. पण पाला कुठला, हे मी कधी विचारलं नाही.

मग आईचेच डोळे पिवळे झाले. आप्पांनी रस सुरू केला. आठवड्यानं आई मला विचारते, "तू कुनाची गं?" गाडी करून तिला सांगलीला नेलं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले. "लिव्हर फार बिघडलंय. घरी काय दिलंत?"

"पाला," आप्पा म्हणाले.

"कुठला?"

आप्पा दाराकडं वळले. मी त्यांना व्हरांड्यात ओढलं. "आप्पा, सांगा की!"

"नाव घ्येतलं आन् ती गेली म्हंजी? तू तिला परत आनून देशील व्हय?"

खोटं कशाला सांगू, तीच भीती मलाही होती. परत आत जाऊन मी बाईंना म्हणाले, "मी त्याच रसानं बरी झाले होते."

"बहुतेकांची कावीळ आपोआपच उतरते. आणि ज्यांची उतरली नाही, ते सांगायला परत आले का तुमच्या दारात?"

माझ्यामागं दारात उभे असलेले आप्पा आत आले. "भुईआवळी," ते हळूच म्हणाले. "एरंडाचा कोंब. तिसरं... तिसऱ्याचं नाव मलाबी ठावं न्हाई. बानं नुसतं झुडूप दावलं हुतं."

गुपित म्हणून जे जपलं, ते कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या पिशवीत तो पाला निघाला, इथंही चोरून द्यायला आणलेला. मी पान उलटंपालटं केलं. मला ते ओळखता येईना.

"मग सगळं बंद," बाई म्हणाल्या. "आजारानं बिघडलं की पाल्यानं, मी आज सांगू शकत नाही."

पुढचे कित्येक दिवस हाक मारल्यावर आई डोळे उघडते का, एवढंच मी बघत होते.

एकोणिसाव्या दिवशी गाडीतून उतरून ती आपल्या पायांनी घरात आली. श्रावणात त्या झुडपाला फूल आलं, ते कॉलेजात नेऊन मी नाव शोधलं आणि बाईंना कळवलं. आप्पा आता रस देत नाहीत. रविवारी येणाऱ्यांना ते आधी रक्त तपासायला पाठवतात.