कोपरा तुटलेला खडा

माझी भाची माशांची वयं मोजते. दुकानात हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कशाला?" आणि दुसरा, "अशी नोकरी असते?" असते हो! पण ती मिळेपर्यंत आमचा तिघींचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते बाहीचं माप देत उभ्या असलेल्या बाईला काय सांगणार?

मी शिवणकाम करते. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. भावोजी गेल्यापासून माझी मोठी बहीण आणि तिची ही मुलगी मागच्या खोल्यांत राहतात. लहानपणी पोरगी बघावं तेव्हा डबक्यात गुडघाभर उभी असायची. वैतागून मी एकदा बेडकी म्हणाले, तेच नाव चिकटलं. ताईला वाटायचं, मोठी झाली की खूळ जाईल. कसलं जातंय! बेडकीने प्राणिशास्त्र घेतलं, मग त्यातही मासेच घेतले. पुढे काही वर्षं ती मत्स्यबीज केंद्रात फुकट राबली. हौद घासले, ओले बूट घालून बोटीवर उभी राहिली, जाळ्यात आलेला एकेक मासा मोजून परत पाण्यात सोडला. अर्ज करावा तर उत्तर यायचं, अनुभव हवा. अनुभव सांगावा तर म्हणायचे, पगारी नोकरीचा हवा. पगारी नोकरी कोण देणार होतं, यांचा काका?

तेव्हा आमच्या फ्रिजरमध्ये एक डबा असायचा. ताईने एकदा बर्फाचा समजून तो उघडला आणि अशी किंचाळली की माझी सुई बोटात घुसली. आत माशांची मुंडकी! माशाच्या डोक्यात कानापाशी तांदळाच्या कणीएवढा एक खडा असतो म्हणे. तो चिमट्याने काढायचा, बारीक पॉलिश कागदावर घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. झाडाच्या बुंध्यासारखी त्यात वर्षाला एक रेघ दिसते. पण सगळ्याच रेघा खऱ्या नसतात. एखाद्या वर्षी मासा उपाशी राहिला किंवा आजारी पडला, की मध्येच एक चकवा रेघ उमटते. खरी कुठली आणि चकवा कुठला, हे ओळखण्यात सगळं कसब. बेडकीने जेवणाच्या टेबलावर दिवा लावून या कसबापायी डोळे फोडून घेतले.

आणि एकदाची तलावावरच्या संशोधन केंद्रात जागा निघाली. खडे वाचण्याची, कायम, आणि एकच. अर्जाला वयाची अट होती. बेडकीचा पुढचा वाढदिवस झाला की ती अटीबाहेर जाणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. माशांची वयं मोजता मोजता पोरीचंच वय निघून चाललं होतं. ताईने धसकाच घेतला. घासलेलं पातेलं परत घासायला घ्यायची. मी एका गिऱ्हाइकाच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

परीक्षेहून बेडकी आली ती सरळ माझ्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तोंड पांढरंफटक.

"नापास?" मी विचारलं.

"नाही गं मावशी. चांगली गेली. तेच तर!"

मग तिने सांगितलं. खडे वाचणाऱ्याला मासा केवढा होता ते सांगत नाहीत, आधी कुणी काय मोजलं तेही दाखवत नाहीत. आकडा झाकलेला, हा त्या कामाचा पहिला नियम. आणि परीक्षेत तोच खडा गुपचूप पुन्हा समोर ठेवतात. उमेदवाराचे दोन आकडे आपसांत जुळतात का ते बघायला.

"एका खड्याचा कोपरा तुटलेला होता," ती म्हणाली. "पहिल्यांदा मी सहा लिहिले. थोड्या वेळाने तोच आला. कोपऱ्यावरून ओळखला मी. या वेळी मोजले तर सात आले."

"मग?"

"मी सहा लिहिले."

मी कात्री खाली ठेवली.

"एवढंच?"

"एवढंच काय, मावशी! मी कॉपी केली."

"कुणाची?"

"माझीच."

मला हसूच फुटलं. "अगं, स्वतःची कॉपी कुणी करतं का? आपल्याच ताटातलं उचलून खाल्लं तर ती काय चोरी झाली?"

ती हसली नाही. "सगळ्या तलावात मासे किती धरू द्यायचे, ते या आकड्यांवर ठरतं. मी जुळवून लिहायला लागले तर कुणाला कळणारसुद्धा नाही. कधीच नाही. मी उद्या जाऊन सांगणार आहे."

आता मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हात दाखवून अवलक्षण करायला कुणी सांगितलंय? हातातोंडाशी आलाय घास! तुझी आई रोज मरतेय तिकडे. गप्प बस, बाकी काही करू नकोस." आतून ताई आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती नुसती दाराला टेकून उभी राहिली. त्यानेच बेडकीला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती निघालीच. एकटीला कशी सोडणार, मीही गेले, तणतणतच. केंद्रातला व्हरांडा लांबलचक, औषधाचा आणि माशांचा मिसळलेला वास. तिथल्या प्रमुख बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, स्वेटरची एक बाही उसवलेली. ती बाही बघून माझे हात शिवशिवले, पण धीर होईना. बेडकीने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता बाई म्हणतील, शाबास.

कसलं काय! बाई वैतागल्या. कपाटातून ट्रे काढून त्यांनी तो खडा उजेडात धरला. "अरे देवा, हा तुटला कधी? म्हणजे हा कुणीही ओळखू शकतं. आता सगळ्यांचाच हा खडा रद्द करावा लागेल." मग बेडकीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जा. कळवू."



निकाल लागला. बेडकी दुसरी. तो एक खडा धरला असता तर ती पहिली येत होती. पहिला आलेल्या मुलाने तो खडा ओळखलाच नव्हता. त्याने बिचाऱ्याने दोन्ही वेळा नीट मोजला आणि त्याचे दोन आकडे जुळले नव्हते. खडा रद्द झाला, तो वर गेला. त्यात अन्याय काही नव्हता, म्हणून तर जास्त जळजळ झाली. शिव्या तरी कुणाला घालणार? वाढदिवसाला बेडकीने नवा कुर्ता घातला, मीच शिवलेला, आणि दिवसभर खोलीबाहेर आली नाही.

मग एके सकाळी दुकानाच्या फोनवर बाईंचा आवाज. मला ओळखून म्हणाल्या, "मुलीला द्या." बेडकी ऐकत राहिली. "हो," म्हणाली. "चालेल," म्हणाली. फोन ठेवला आणि शिलाई मशीनला धरून खाली बसली.

"एका वाचणाऱ्याने भागत नाही म्हणे. दोघं लागतात, एकमेकांचा आकडा न बघता वाचणारे. दुसरी जागा कंत्राटी आहे, तिला वयाची अट नाही. बाई म्हणाल्या, ज्याच्यामागे कुणाला तपासत बसायला लागू नये, असं माणूस हवंय."

ताई हुंदके देत होती, मीही. पण ताई ती ताईच. डोळे पुसत म्हणाली, "कंत्राटी म्हणजे? पुढच्या वर्षी काढलं तर?"

तेव्हापासून दर वर्षी कंत्राट संपतं आणि नवीन पत्र येईपर्यंत घरात कुणाला घास गोड लागत नाही. पहिला आलेला मुलगा तिच्या शेजारच्याच टेबलावर बसतो. कायम आहे. गेल्या वर्षी त्याने घर बांधलं.

परवा न राहवून मी तिला विचारलं, "खरं सांग. तेव्हा गप्प बसली असतीस तर आज ती खुर्ची तुझी होती. वाईट वाटतं?"

"वाटतं ना," बेडकी म्हणाली. "पत्राची वाट बघायचे दिवस आले की खूप वाटतं."

"मग?"

"मग काय, खडे वाचायला बसते. तिथे गेलं की नाही वाटत."

यंदाचं पत्र अजून आलेलं नाही. ती सकाळीच डबा घेऊन कामावर गेली. ताई आत पातेलं घासतेय, दुसऱ्यांदा.