थांबलेल्या डबीतला भोवरा

गैबी मुल्लाणीचा दुसऱ्याच्या मापावर कधी विश्वास बसला नाही. गिऱ्हाइकानं शपथ घेऊन माप सांगितलं, तरी उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपात लेथवर तुकडा चढवण्याआधी तो स्वतः मोजून घ्यायचा.

कॉलेजात शिकवणाऱ्या पद्मजा मॅडमनी त्याच्याकडून एक चपटी पितळी डबी करून घेतली. तिच्या कडेला जाळीदार कडं. त्यातून चहूबाजूंनी हवा आत शिरायची आणि मधल्या बारीक भोकातून बाहेर पडायची. डबी स्थिर असली की हवा सरळ मध्याकडे जाते. डबी फिरली की भोवऱ्यासारखी गरगरत जाते. त्या गरगरण्यावरून फिरण्याचा वेग काट्यावर कळतो, मॅडम म्हणाल्या.

आठवड्यानं मॅडम डबी घेऊन परत आल्या. "गैबीभाई, नुसती टेबलावर ठेवली तरी काटा म्हणतोय, फिरतेय!"

गैबीच्या डोक्यात एकच नाव आलं. मधलं भोक समोरच्या वर्कशॉपातल्या केरबानं पाडलं होतं; तेवढं बारीक ड्रिल त्याच्याकडंच. वीस वर्षांची दोस्ती खरी, पण कॉलेजचं काम आपल्याकडं आलं हे केरबाला सलत असणार. मुद्दामच तिरकं पाडलं असेल!

त्यानं डबी लेथवर चढवली, भोक मध्यावर आहे का बघायला मोजणीचा डायल लावला. भोक बरोब्बर मध्यावर. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच. तरी मन मानेना.

मग त्यानं वर काचेचं झाकण बसवलं, कडेला उदबत्ती धरली आणि मधल्या भोकातून पंपानं हवा ओढली. एका बाजूनं धूर दाट आला, दुसरीकडून येईचना. डबी जागची हलली नव्हती, तरी धूर भोकाभोवती गिरक्या घेत होता. कडं उचकटून बघितलं, तर त्या बाजूची छिद्रं चिकटपट्टीच्या डिंकानं बुजलेली. कडं गैबीनंच चिकटवलं होतं.

नवं कडं त्यानं डिंकाशिवाय घट्ट ठोकून बसवलं. आता धूर सरळ मध्याकडे गेला. हातानं डबी फिरवली तेव्हाच वळला.

"चूक माझी हुती, मॅडम," त्यानं फोनवर सांगितलं.

मागं केरबा उभा होता. "मी पाडलेलं भोक तीनदा मोजलंस न्हवं? दारातनं बघत हुतो."

"व्हय."

"मला इचारायचं हुतंस की."

केरबा अजून त्याची कामं करून देतो. बोलणं मात्र कामापुरतंच उरलंय.