वेदवतीअक्कांची घासाघीस

डाळ पाकिटात मिळायला लागली आणि शेजारणींनी एकमेकींच्या ओट्यावर बसणं सोडलं, असं वेदवतीअक्कांचं ठाम मत होतं. अक्का कुठलीही गोष्ट तिखटमीठ लावूनच सांगत. पण ऐंशी सालापासूनची दहा-बारा वर्षं ज्यांनी कुंभकोणात मठाजवळच्या त्या गल्लीत काढली, त्यांना यात खोटं काही वाटायचं नाही.

गल्लीत मराठी घरं दहा. पूर्वज तंजावरात मराठ्यांचं राज्य असताना कधीतरी आलेले. आता कोणी शाळामास्तर, कोणी टपाल खात्यात, कोणी भांड्यांच्या दुकानात हिशेबनीस. घरात जुन्या थाटाची मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. मिळकत सगळ्यांचीच बेताची. कोपऱ्यावरच्या दुकानातून किलो-किलो डाळ आणणं म्हणजे अक्कांच्या मते पैसा कावेरीत सोडणं. म्हणून त्यांनी दहा घरांची मोट बांधली. वर्षातून दोनदा सगळ्यांनी वर्गणी काढायची, मोठ्या बाजारातल्या घाऊक पेढीवरून तुरीचं, मिरचीचं, चिंचेचं अख्खं पोतं उचलायचं, आणि अक्कांच्या ओट्यावर दहा वाटे करायचे. पेढीवाला पोतं फोडून देत नसे. पण अख्खं घेतलं की इतके पैसे वाचत, की दिवाळीला घरटी एक लुगडं त्यातून निघे. वाटे अक्का करत आणि स्वतःचा शेवटी उचलत, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको.

चिंच चिंचोक्यांसकट घेतली तर आणखी स्वस्त. मग उन्हं तापायला लागली की दुपारच्या साऱ्याजणी विळ्या घेऊन ओट्यावर बसत. बोटं काळी होत आणि जिभा मोकळ्या. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या पोराला बेंगळूरला नोकरी लागली, सगळं तिथंच कळे. मीठ लावलेले चिंचेचे गोळे बरण्यांत जात आणि वर्षभर पुरत. त्या दुपारी परत मिळणार असतील तर त्या गल्लीतली कुठलीही बाई आज चिंचेला दुप्पट भाव देईल, आणि घासाघीसही करणार नाही.

खरेदीला अक्कांबरोबर नेहमी दहांतल्याच शेजारच्या घरची अलमेलू असे. वयानं दहा वर्षांनी लहान, हातात पिशवी आणि तोंडात ‘होय अक्का’. पेढी सुंदरेश चेट्टियारची. कपाळभर विभूती, पुढे आलेलं पोट, बोलणं मोजकं. तो तळहातावर डाळ घेऊन दाखवी आणि भाव सांगे. अक्का तमिळमध्ये ‘अय्यो’ म्हणून हसत, आणि मग अलमेलूकडे वळून मराठीत सल्लामसलत सुरू करत. हे त्यांचं ब्रह्मास्त्र. चेट्टियारच्या तोंडावर, खणखणीत आवाजात त्या सांगत, की डाळ चांगली आहे पण चेहऱ्यावर दाखवू नकोस, अमुक आकड्यापर्यंत जाऊ, त्यापुढे एक पैसा नाही, आणि याचं पोट बघ, आपल्याच पैशांवर वाढलंय. अलमेलू पदरात हसू दाबी. चेट्टियार गोणीच्या तोंडाकडे बघत बसे, आणि अर्धा तास घासाघीस झाली की बरोबर त्याच आकड्यावर येऊन थांबे. आपला अंदाज कधी चुकत नाही, याचा अक्कांना फार अभिमान होता.

पेढीचा आणखीही एक उपयोग होता. गल्लीत दहाही घरांना मराठी कळायची, भिंतींना कान होते. मनातलं बोलायला जागा म्हणून ती चेट्टियारची पेढीच. तिथं मराठी समजणारं कोणी नाही, म्हणून अक्का आपली गुपितं तिथं येऊन अलमेलूला सांगत.

शहाऐंशी साली अक्कांचे यजमान रघूत्तमराव ज्या भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहीत, ते दुकान मालकांच्या भाऊबंदकीत बंद पडलं. पन्नाशी उलटलेल्या हिशेबनिसाला कोण विचारतो? अक्कांनी गल्लीत पत्ता लागू दिला नाही. यजमानांना दारासुरमला नवं काम मिळालंय, असं त्यांनी ठोकून दिलं, आणि बिचारे रघूत्तमराव रोज टाउन बसनं जाऊन तिथल्या देवळाच्या आवारात बसून येत. पण पोत्याची वेळ आली आणि वर्गणीला पैसे नव्हते. वाटा सोडावा तर गल्ली कारण विचारणार. पेढीवर डाळ बघता बघता अक्कांना राहवेना. आवाज मात्र त्यांनी नेहमीचाच ठेवला, जणू भावाचंच बोलणं चाललंय.

“अलमेलू, यंदा माझा वाटा तूं घे. ह्यांचं काम गेलें, मजपाशी देण्यास कांहीं नाहीं. पैसे तूं भर, आणि कोणास सांगू नक्को.”

अलमेलूचे डोळे भरले, म्हणून तिनं मिरचीच्या पोत्याकडे तोंड फिरवलं.

त्या दिवशी भाव ठरल्यावर चेट्टियार तमिळमध्ये म्हणाला, की पेढीनं नवा रिवाज काढलाय, दहा घरांचं गिऱ्हाईक जमवून आणील त्याला कोसुरु. कोसुरु म्हणजे खरेदीवर वरून फुकट घातलेला चिमूटभर माल, भाजीवाली कढीलिंबाची काडी घालते तसा. अक्का वर्षानुवर्षं कोसुरु मागत आणि चेट्टियार चार धणे हातावर टेकवी. या खेपेला त्यानं डाळीची एक पिशवी, चिंचेची एक आणि वर मिरची, असं बांधून रिक्षात ठेवायला लावलं. एका घराला पुढच्या खेपेपर्यंत पुरेल इतकं.

अक्कांना काय वाटावं? आपल्यापुढे चेट्टियारनं शेवटी हात टेकले, दुसरं काय! ओट्यावर त्यांनी ती हकिकत इतक्यांदा रंगवून सांगितली, की बायकांना ती पाठ झाली. पुढची दोन वर्षं असंच चाललं. पेढीवर अक्का अलमेलूला हळहळून सांगत, की अजून कुठं काही जमलं नाही, आणि निघताना पिशव्या रिक्षात असत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

मग रघूत्तमरावांना चोळपुरमच्या एका भातगिरणीत काम मिळालं. रस्ताभर दाबून ठेवलेली ही बातमी अक्कांनी पेढीवर पाय ठेवताच अलमेलूला दिली. त्या दिवशी कोसुरु म्हणून पुन्हा चार धणे! अक्कांचा पारा चढला.

“पाहिलास ना? पुन्हा चेंगट झाला,” त्या त्याच्या देखत म्हणाल्या. चेट्टियार काट्याशी खुडबुड करत राहिला.

पंचाण्णव साली अक्कांच्या नातवाची मुंज ठरली. इतक्या वर्षांची ओळख, म्हणून चेट्टियारलाही अक्षत द्यायला त्या एकट्याच पेढीवर गेल्या. पायरीशी चपला काढतात तोच आतून मराठी ऐकू आली. आपल्यापैकी कोण आलंय म्हणून त्यांनी डोकावलं, तर गादीवर लग्नकार्यांत पाहिलेले तंजावरचे थकलेले व्यंकटेशराव, आणि त्यांच्याशी बोलत होता चेट्टियार. अस्खलित, अक्कांहूनही नेटकी मराठी. आई मेल्यावर तुमच्याच घरात वाढलो, तुमच्या आईच्या हातचं जेवलो, असं काहीसं तो म्हणत होता. अक्का तशाच मागे फिरल्या आणि महामहम तळ्याच्या पायरीवर जाऊन बसल्या.

आधी आला तो राग. म्हणजे पंधरा वर्षं आपला शेवटचा आकडा आपणच त्याला सांगत आलो, आणि हा लबाड एकदाही त्याच्या खाली उतरला नाही! मग त्याच्या पोटावरून, टकलावरून, बायकोच्या नथीवरून आपण काय काय बोललो ते आठवून अंगावर काटा आला. आणि मग आठवलं ते शहाऐंशी साल. मग मात्र अक्का रडल्या, अगदी तोंडाला पदर लावून रडल्या.

मुंज झाली. पोत्याची वेळ आली आणि अक्का पेढीचं नाव काढीनात. दहातली चारच घरं आता उरली होती. बाकीची मद्रास, बेंगळूर करून पांगली. उरलेल्या बायकाही म्हणत, की सोडा आता, पाकिटाची डाळ निवडावीसुद्धा लागत नाही. एकट्या अक्का नाही गेल्या तर पोतं बंद, ओटा बंद, सगळंच बंद. आणि जायचं तर कोणतं तोंड घेऊन? शेवटी अलमेलूनंच हाताला धरून त्यांना रिक्षात घातलं. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, आणि अक्कांनी रस्त्यात सांगितलंही नाही.

चेट्टियारनं तळहातावर डाळ धरली, भाव सांगितला. तोही आता म्हातारा झाला होता. अक्का हसल्या नाहीत. अलमेलूकडे वळून त्या मराठीत बोलायला लागल्या.

“अलमेलू, ऐक. ह्यांचं काम गेलें तेव्हा माझें घर ह्या मनुष्याच्या डाळीवर चाललें. दोन वर्षें. आणि मी त्यास चेंगट म्हणलें. तो बेस मनुष्य, अलमेलू. माझेंच चुकलें.”

अलमेलूला अर्थच लागेना. चेट्टियारच्या तळहातावरची डाळ थोडी खाली सांडली. इतक्या वर्षांत जे त्यानं कधी विचारलं नव्हतं, ते त्यानं तमिळमध्ये विचारलं, “अम्मा काय म्हणतात?”

अक्कांचं गुपित राखायच्या सवयीनं अलमेलूनं सांगून टाकलं, की भाव फार आहे म्हणतात.

“मग आज अम्मांनीच सांगावा,” चेट्टियार म्हणाला. “सांगतील तो मला मान्य.”

अलमेलूनं अक्कांना कोपरानं ढोसलं. अशी संधी पुन्हा थोडीच येणार? पण जन्मभर भाव पाडलेल्या वेदवतीअक्कांच्या तोंडून त्या दिवशी एकही आकडा निघेना.