सुंदराबाईंची बोटं बघायला येरमाळ्याला

सोलापूरहून उस्मानाबादकडे जाणारी एस.टी. धावत पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत प्लास्टर कापायची सुरी, कापूस आणि बँडेजं एवढंच होतं. हाडांच्या विभागात लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. आदल्या दिवशी येरमाळ्याच्या सुंदराबाईंचा मोडलेला हात मी एकट्यानं बसवला, कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं आणि त्यांना घरी जाऊ दिलं. सकाळी मोठे डॉक्टर फेरीवर आले, तेव्हा हे मी जरा ऐटीतच सांगितलं.

"हात सुजला की प्लास्टर आवळतं," ते म्हणाले. "तिथं बोटं कोण बघणार?"

तुळजापूरच्या घाटात गाडी तापली. कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला गेला. लोक देवीच्या दिशेनं हात जोडत होते, मी घड्याळ बघत होतो.

"येडाईला निघालाव?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं. (येरमाळ्याच्या येडेश्वरीला तिकडं येडाई म्हणतात.)

"नाही, पेशंटकडं."

"डाक्टर सोता निघालाय म्हंजी लई जोखमीचं असंल."

मी खिडकीबाहेर पाहिलं. उस्मानाबादला गाडी बदलली. पुढं काळी रानं होती, ज्वारी पोटऱ्यात आली होती. मला मात्र आठवतात ते फक्त मैलांचे दगड.

येरमाळ्याला उतरल्यावर एका नारळवालीनं घर दाखवलं. सुंदराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोटं टरारून फुगली होती, निळसर पडली होती. एक बोट हलकेच सरळ करताच त्या कळवळल्या.

"कधीपासून एवढं दुखतंय?"

"तितंच सांगितलं की तुमाला, लई ठणकतंय म्हून. तुमी म्हणलाव, दुखणारच."

खरं होतं. तसं म्हणताना मी कागदावरून मानही वर केली नव्हती.

सुनेनं कोमट पाणी आणलं. प्लास्टर भिजवून मी मनगटापासून दंडापर्यंत चिरलं, आतला कापूसही कातडी दिसेपर्यंत कापला आणि कडा फाकवल्या. हात उशांवर उंच ठेवला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. सुनेनं भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) पुढं ठेवली. ताट तसंच ठेवून मी पुन्हापुन्हा नख दाबून रक्त परत येतं का ते बघत होतो.

"खावा की," सुंदराबाई म्हणाल्या. "तुमचं तोंड बगून मलाच भ्या वाटाया लागलंय."

दिवस कलताना नखाखाली गुलाबी झाक आली. अंगठा हलला, मग पुढची दोन बोटं. शेवटची दोन हलली नाहीत. तसं मी त्यांना सांगितलं, आणि हे माझ्या चुकीनं झालं, तेही सांगितलं.

 मग सुनेनं विचारलं, "भाकरी थापता येईल का त्यास्नी?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघींना घेऊन सोलापूरला परतलो. वाटभर त्यांचा हात मी माझ्या खांद्यावर धरला होता. खड्डा आला की दुसऱ्या हातानं त्यांचं कोपर सावरायचो. मोठे डॉक्टर रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

दोन बोटं थोडी वाकडीच राहिली. सुंदराबाई भाकरी थापतात, पण एका बाजूनं जाड होते, असं नंतर तपासणीला आल्या तेव्हा स्वतःच म्हणाल्या. आता कुणालाही घरी सोडण्याआधी मी गाव विचारतो, आणि तिथून परतीची गाडी कधी असते, तेही.